पळसाच्या पानावरचे दोन ठेके

पळसाचं पान नीट वाळलं की त्याच्यावरून मुंगळा गेला तरी ऐकू येतो. नरसीच्या मंजुळाबाई गुरव यांच्या पडवीत अशा पानांच्या चवडी छातीइतक्या उंच रचलेल्या असत आणि त्यांच्या मधोमध बसून बाई सकाळपासून पत्रावळी लावत. पाच-सहा पानं, बांबूच्या बारीक काड्यांचे टाके, पुन्हा पाच-सहा पानं. हात आपोआप चालत, त्यामुळं कान मोकळे राहत.

आश्विन लागला की त्या चवडींमधून बारीक टकटक सुरू व्हायची. घरातले म्हणत, पाल असेल. बाईंनी एकदा वरची पानं अलगद बाजूला करून पाहिलं. नखाएवढा करडा कोळी होता, जाळं न विणता जमिनीवर पळून शिकार करणाऱ्यांपैकी. तोंडापाशी दोन आखूड हातांसारखे अवयव होते, त्यांनी तो पान ठोकत होता, मध्येच पोट थरथरवत होता. वीतभर अंतरावर त्याच्याहून थोडी मोठी मादी बसली होती. तो ठोकायचा, थांबायचा, आणि मग तिनं पुढच्या पायानं दोनदा पान हलवलं की एक पाऊल पुढं यायचा. आमच्या भागात कोळ्याला कातीण म्हणतात. बाई मादीला कातीण म्हणत आणि नराला तिचा दादला.

बाईंचे वडील संतराम गुरव साखऱ्याच्या महादेवापुढं पखवाज वाजवत. गुरवाकडं देवाची पूजा, गावाला बेल आणि पत्रावळी पुरवणं आणि वाद्य, अशी तिन्ही कामं असत. संतराम गावातल्या पाच-सात पोरांना पखवाज शिकवायचे. मुलीनं वाद्याला हात लावायचा नाही, हे न सांगताच ठरलेलं होतं. मंजुळा कोपऱ्यात पानं लावत बसायची आणि पोरांच्या आधी बोल तिला पाठ व्हायचे. अकराव्या वर्षी तिचं लग्न नरसीच्या सोनाजी गुरवांशी झालं. सोनाजी शांत माणूस, देवळात सनई धरायचा, पण तालात कच्चा. घरी वाजवताना तो चुकला की पडवीतून बाईंचा खोकण्याचा आवाज यायचा, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

उत्तमराव देशमुख माझे थोरले मामा. ही हकिकत मला थोडी त्यांच्याकडून कळली, बरीचशी आजीकडून म्हणजे रुख्मिणीबाईंकडून, आणि उरलेली खुद्द मंजुळाबाईंकडून. मामा हैदराबादला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. एक्केचाळीस साली छातीच्या दुखण्यानं ते खचले. डॉक्टरांनी सांगितलं, शहर सोडा, कोरड्या हवेत वर्षभर पडून राहा. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. ते नरसीला आले ते एक भिंग, डझनभर काचेच्या बरण्या आणि दोन जाड इंग्रजी पुस्तकं घेऊन. सकाळी कयाधूच्या काठानं सावकाश फिरायचे आणि कोळी धरायचे. पक्षी किंवा फुलपाखरं सोडून कोळीच का, असं आजीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, यांच्यामागं पळावं लागत नाही. हे कोळी पळणारे निघाले, त्यामुळं तेवढं त्यांचं चुकलंच होतं.

नवरात्रात आजीच्या घरी जेवणावळ होती. मंजुळाबाई पत्रावळींचा भारा घेऊन आल्या. ओसरीवर बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत एकेक वाळकं पान आणि त्याच्यावर एकेक नर. बाईंनी भारा उतरवला आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. आजीला वाटलं, बाईला भोवळ आली. थोड्या वेळानं त्यांनी दोन बरण्यांकडं बोट केलं आणि मामांना म्हणाल्या, हे दोघं येगळ्या जातीचे हायत.

मामांनी नम्रपणे सांगितलं की तसं नाही. भिंगाखाली त्यांनी सगळं तपासलं होतं. आठही डोळ्यांची मांडणी तीच, पाठीवरचा पट्टा तोच, पायांवरचे केस तसेच.

"दिसायला असतील सारखे," बाई म्हणाल्या. "वाजवून राहिले येगळं."

मामांनी बरणीला कान लावला. त्यांना नुसती टकटक ऐकू आली. तेव्हा बाईंनी ओसरीच्या पायरीवर बसून बोल म्हणून दाखवले. पहिला: तिट तिट तिट, मग एक श्वास जाईल एवढा विराम, पुन्हा तिट तिट तिट. दुसरा: धुमकिट धुमकिट धुमकिट, न थांबता, घाईत, आणि शेवटी एकच मोकळा ता. त्यांचं म्हणणं होतं की त्यांच्या पडवीत दोन्ही ऐकू येतात. पहिला वरच्या कोरड्या पानांत आणि दुसरा खाली, ओल असते तिथं. मामांनी परत कान लावला. आता कुठं काय ऐकायचं ते कळल्यामुळं त्यांना ऐकू आलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं आजी सांगायची. त्यांची प्रकृती बिघडली या भीतीनं तिनं हिंगोलीहून डॉक्टर बोलावायचं काढलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा गुरवांच्या पडवीत जाऊन बसू लागले. देशमुखांचा मुलगा गुरवाच्या घरी दिवसभर बसतो, कोळ्यांची लग्नं लावतो, हे गावात पसरायला वेळ लागला नाही. आजीला त्या बोलण्याची फिकीर नव्हती, तिला पाचोळ्याच्या धुळीची होती. तिनं गड्याबरोबर एक पाट आणि तोंडाला बांधायला धुतलेलं धोतर पाठवलं. पाट वापरला गेला. धोतराच्या चिंध्या करून मामांनी बरण्यांची तोंडं बांधली.

काम सोपं होतं आणि संथ होतं. एका बरणीत मादी ठेवायची. तिला दोन दिवस पानावर रुळू द्यायची. मग एक नर सोडायचा आणि पाहत बसायचं. नर तिच्याच जातीचा असला तर तो ठोकायचा, ती पाय हलवून उत्तर द्यायची, हळूहळू तो जवळ यायचा आणि तिच्या पाठीवर चढायचा. नर दुसऱ्या जातीचा असला तर तो तितक्याच जिवापाड वाजवायचा, कारण तिच्या वासानं तोही फसत होता. मादी मात्र फसत नव्हती. कधी ती पाठ फिरवून पानाच्या खाली निघून जायची. कधी तो फार जवळ आला तर झडप घालायची. त्या हंगामात परक्या जातीचे पाच नर असे खाल्ले गेले. एकाही मादीनं परक्या ठेक्याला उत्तर दिलं नाही. मामा वहीत तारीख, वेळ, कोणता नर, कोणती मादी लिहायचे. ठेका कोणता हे बाई सांगायच्या आणि मामा तो बोलांतच लिहायचे. इंग्रजी मजकुरात मध्येच देवनागरी तिट आणि धुमकिट.

कधी कधी ते नुसते बसून राहत. मामा मला सांगायचे, की पुस्तकात जात ठरवायची ती मेलेला कोळी दारूत बुडवून, भिंगाखाली धरून. मंजुळाबाई जात ठरवायच्या ती कोण कोणाला उत्तर देतं त्यावरून. यातलं खरं काय, हा विचार त्या दिवसांत त्यांच्या डोक्यातून जात नसे.

मार्गशीर्षात थंडी वाढली. एका सकाळी गारठलेली मादी पानावर पाय आखडून पडलेली दिसली, हलवली तरी हलेना. उन्हात आणल्यावर घटकाभरानं ती चालू लागली. ते पाहून मामांना एक गोष्ट सुचली. या दोन जाती एकमेकींत मिसळत नाहीत ते केवळ ठेक्यामुळं, की त्यांना पिल्लं होणंच शक्य नाही? मादीला उत्तर द्यायची किंवा नाकारायची ताकदच नसेल, तर काय होईल? त्यांनी बाईंना सांगितलं, की तिट-वाल्या जातीची एक मादी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात रात्रभर उघड्यावर ठेवायची, आणि पहाटे उन्हात ऊब दिलेला धुमकिट-वाला नर तिच्यापाशी सोडायचा.

बाईंचे हात थांबले. पत्रावळ मांडीवर तशीच राहिली.

"उत्तमराव, हे मला बराबर वाटत न्हाई."

"काहून, काकू?"

"तिला कोणी इचारलंच न्हाई."

मामा म्हणाले, कोळ्याला कोण विचारतं, काकू.

"तो इचारतो की," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर वाजवून राहिला."

पण मामा शिक्षक होते, आणि प्रश्न एकदा सुचला की तो त्यांना सोडत नसे. त्यांनी आर्जव केलं. बाईंनी मडकं ओलं करून दिलं, कारण देशमुखांच्या मुलाला नाही म्हणायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. पहाटे त्या मात्र तिथं थांबल्या नाहीत, पाण्याला गेल्या. नरानं दोन वेळा धुमकिट वाजवलं, उत्तराची वाट पाहिली, आणि मग न हलणाऱ्या मादीच्या पाठीवर चढला. दुपारी ती शुद्धीवर आली आणि रोजच्यासारखी मुंग्या धरू लागली.

महिन्याभरात तिनं अंड्यांची पांढुरकी गोळी विणली आणि पोटामागं चिकटवून हिंडू लागली. माघात गोळी फुटली. चाळीसेक पिल्लं आईच्या पाठीवर चढून बसली. मामा आनंदानं वेडे झाले होते. पण तेवढ्यात कॉलेजातून पत्र आलं, छाती बरी असल्याचा दाखला मिळाला आणि फाल्गुनात त्यांना जावं लागलं. जाताना त्यांनी पिल्लं मंजुळाबाईंच्या हवाली केली.

एकत्र ठेवली तर ही पिल्लं एकमेकांना खातात. बाईंनी कुंभाराकडून संक्रांतीची उरलेली छोटी बोळकी आणली, एकेकात एकेक पिल्लू टाकलं, तोंडाला मामांच्या त्याच धोतराची चिंधी बांधली. रोज कामाला बसण्याआधी त्या एकेक बोळकं उघडायच्या, वाळवी टाकायच्या आणि पाण्यात बुडवलेला कापूस टेकवायच्या. सोनाजीनं एकदा विचारलं की मास्तर तर गेले, आता हे कशाला. बाईंनी उत्तर दिलं की आणली आपण, तर पाहायचीही आपणच. उन्हाळ्यात बरीच गेली. पावसाळ्यात बुरशीनं उरलेल्या माद्या गेल्या. आश्विनापर्यंत चार नर राहिले.

ते चारही एका आठवड्यात वाजवू लागले. बाईंनी पहिला ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, तो चुकतोय, नवखा आहे, दोन दिवसांत बसेल. पण चौघंही तसंच वाजवत होते. आधी तिट तिट तिट. मग ज्या ठिकाणी श्वासाएवढा विराम हवा तिथं विराम न घेता थेट धुमकिट धुमकिट, आणि मग अर्ध्यातच तुटणं. शेवटचा ता यायचाच नाही. बाईंनी त्यांच्यासमोर आधी तिट-वाल्या माद्या ठेवल्या. त्यांनी पाठ फिरवली. मग धुमकिट-वाल्या ठेवल्या. त्यांनीही पाठ फिरवली, आणि एकीनं त्यांतला एक नर खाल्ला. दोन आपोआप मेले. एक राहिला.

तो एकटा बारा दिवस वाजवत होता. बाईंनी हे सांगताना बोटावर मोजून सांगितलं होतं. सातव्या दिवशी त्यांनी नखानं पानाची कड हलवली, मादी हलवते तशी. आधी तिट-वालीचं उत्तर दिलं, मग दुसरीचं. तो तसाच राहिला. मग त्यांनी स्वतःच्या मनानं एक उत्तर बसवलं, त्याच्या तुटलेल्या ठेक्याच्या पुढं जे यावं असं त्यांना वाटलं ते. तो थबकला, वळला आणि नखाच्या दिशेनं एक पाऊल आला. बाईंनी पुन्हा दिलं. तो आणखी एक पाऊल आला. चौथ्या पावलावर बाईंनी हात काढून घेतला.

"मला लई वाईट वाटलं," त्या मला म्हणाल्या होत्या. "येवढ्या दिवसांनी त्याला कोणी व्हय म्हणलं, अन् ते बी खोटं."

बाराव्या दिवशी त्यांनी त्याला ओढ्याकाठच्या पळसाखाली सोडून दिलं. चार दिवसांनी मामा दिवाळीच्या सुटीत आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, पिल्लांचं काय झालं. बाई म्हणाल्या, वाढली अन् गेली. मामांनी समजून घेतलं की लहानपणीच मेली. बाईंनी तो समज तसाच राहू दिला. सगळं सांगितलं तर हा माणूस पुन्हा मडकं ओलं करायला सांगेल, आणि आपण पुन्हा करू, अशी त्यांना धास्ती होती.

पुढं सेहेचाळीसपर्यंत मामा दर दिवाळीला येत. दोघं पडवीत बसून नर-माद्या जुळवत. एकूण एक्केचाळीस जोड्या झाल्या, आणि निकाल बदलला नाही. मग निजामाच्या संस्थानात गडबड वाढली. रस्ते धड राहिले नाहीत. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मामा, इतर पुष्कळांसारखे, हद्दीबाहेर सोलापूरला नातेवाइकांकडं जाऊन राहिले. भाद्रपदात भारताच्या फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. मामा हैदराबादला आपल्या खोलीवर गेले तेव्हा तिथं दुसरं बिऱ्हाड होतं. घरमालकानं सामान बाजूला ठेवलं होतं, पण कागद रद्दीत घातले होते. सहा हंगामांच्या वह्या गेल्या होत्या. मामा दोन दिवस बाजारातल्या दुकानांपुढं उभे राहून पुड्या उलगडून पाहत होते. एकही पान मिळालं नाही.

कार्तिकात ते नरसीला आले. खोकला परत सुरू झाला होता. आजीला वाटत होतं, लोक राज्य बदललं म्हणून खूश आहेत आणि हा असा का. ते मंजुळाबाईंकडं गेले आणि वह्यांचं सांगितलं. पुढच्या वर्षीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, आणि तेवढी ताकद आपल्यात राहिली नाही, असंही म्हणाले.

बाईंनी त्यांना पाट दिला आणि कागद आणायला सांगितलं.

तीन दिवस त्या पत्रावळी लावता लावता सांगत होत्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जोड्या, ओळीनं. कोणती मादी, कोणता नर, त्यानं किती वेळा वाजवलं, ती वळली की धावली. वडिलांकडं शिकणाऱ्या पोरांना जसे पखवाजाचे बोल पाठ असत तसं त्यांना हे पाठ होतं. मामांना जे थोडं आठवत होतं ते जुळत होतं. एका जोडीबद्दल मात्र दोघांचं पटलं नाही. मामा म्हणत, तो नर खाल्ला गेला. बाई म्हणत, पाय तुटला पण पळाला. मामांनी दोन्ही लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, झालं सगळं.

"एक ऱ्हायलं," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी चार नरांचं सांगितलं, बोळक्यांपासून बाराव्या दिवसापर्यंत. मामांची लेखणी खालीच राहिली. सांगून झाल्यावर बाईंनी दोन गोष्टी मागितल्या. हे पुन्हा करायचं नाही. आणि लिहायचं असेल तर त्या मादीला विचारलं नव्हतं, हेही लिहायचं. मामा म्हणाले, इंग्रजी नियतकालिकात असं कोणी लिहीत नाही.

"मग ते पान कोरं ठेवा," बाई म्हणाल्या.

मामांनी लिहिलं. बावीस पानं झाली. डिसेंबरात हिंगोलीच्या टपालातून त्यांनी ती एका इंग्रजी नियतकालिकाला पाठवली. सहा महिन्यांनी उत्तर आलं: दोन ठेक्यांचा भाग छापता येईल, मिश्र पिल्लांचा नाही, कारण एकही नमुना जपून ठेवलेला नाही. नमुने करून पाठवले तर विचार होईल. मामांनी दोन ओळींचं उत्तर लिहिलं की नमुने होणार नाहीत. दीड पानाचं टिपण छापून आलं. त्यात ठेके ओळखण्याचं श्रेय नरसीच्या मंजुळाबाई गुरव यांना दिलेलं आहे, नावात एक अक्षर चुकून. मामा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्यांनी कोळ्यांवर आणखी पुष्कळ काम केलं, पण तसा प्रयोग केला नाही.

न छापता परत आलेली पानं आजीनं जपली होती. मी कॉलेजात असताना ती मराठी करून मंजुळाबाईंना वाचून दाखवली. त्या तेव्हा सत्तरीला आलेल्या होत्या, सोनाजी नव्हता, पत्रावळी सुनेच्या हाती गेल्या होत्या. मामांनी बाईंचं ऐकलं होतं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की या मादीला स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची संधी देण्यात आली नव्हती. बाईंनी ते ऐकून मान हलवली. मी त्या चार नरांच्या ठेक्यापर्यंत आलो आणि बोल वाचले: तिट तिट तिट, धुमकिट धुमकिट.

बाईंनी मला थांबवलं. तू मधी थांबून राहिला, त्या म्हणाल्या. तो थांबत नव्हता. मी तो ठेका न थांबता परत वाचला.